आधी काय, मग काय : खोलीच्या दुरुस्तीचा क्रम

मंडळी, आजचा विषय अगदी घरगुती आहे. जुन्या इमारतीतली झोपायची एक खोली घ्या, 10 बाय 12 ची. भिंतीला ओल, वायरिंग जुनं, मोझॅकची फरशी काळवंडलेली, आणि घरच्यांना दिवाळीपूर्वी रंग हवाय. सुरुवात कुठून करायची?

बरेच जण रंगाऱ्याला आधी बोलावतात, कारण डोळ्यांना रंगच दिसतो. पण रंग हा वरचा, शेवटचा थर. क्रम ठरवायला दोन प्रश्न पुरतात. पहिला : हे काम पुढे कशाखाली झाकलं जाणार का? जाणार असेल, तर ते आधी. दुसरा : या कामाची धूळ, पाणी, ठोकाठोक कोणत्या कामावर जाणार? ज्याच्यावर जाणार, ते नंतर.

आता लावून बघू. पहिली ओल. म्हणजे ती जिथून येते ती जागा. पलीकडे बाथरूम असेल तर तिथली गळती, बाहेरची भिंत असेल तर तिचे तडे. ते तसंच ठेवून आतून गिलावा केला, तर पावसाळ्यात पोपडे परत येणार.

मग तोडफोड. सैल गिलावा पाडणं, खिडकी बदलायची तर तिची चौकट, वायरिंगसाठी भिंतीत झिऱ्या मारणं. झिऱ्या मारायच्या आधी पलंग आणि कपाट कुठे येणार ते ठरवा, नाहीतर बटणं नेमकी कपाटामागे जातात. कपाट येतं शेवटी, पण त्याची जागा ठरते सुरुवातीला. विचार उलटा, काम सुलटं.

मग गवंडी. सिमेंटच्या गिलाव्यावर साधारण आठवडाभर पाणी मारायचं, आणि नंतर तो वाळू द्यायचा. पूर्ण वाळायला महिनाभरही लागतो. घाई नडते ती इथे! ओलसर भिंतीवर लांबी आणि रंग चढवला, की आतलं पाणी बाहेर येताना क्षार घेऊन येतं. भिंतीला लोणा लागतो, रंग सुटतो. म्हणून जमलं तर गळती आणि गिलावा एप्रिल-मेमध्ये उरका. पावसाळ्यात दुरुस्ती टिकली की नाही ते आपोआप कळतं, आणि दिवाळीपूर्वी भिंत कोरडी असल्याची खात्री करून रंग लावता येतो.

फरशीच्या पॉलिशच्या वेळी मशीनचा गाळ भिंतीवर उडतो, म्हणून पॉलिश रंगाच्या शेवटच्या हाताआधी. सुताराचं कापणं-घासणंही तेव्हाच. रंग छतापासून खाली. पंखा, दिवे, पडदे सर्वांत शेवटी.

आता पैशांचं बोलू. कामं वाढतात, आणि पैसे मध्येच संपतात. अशा वेळी कात्री यादीच्या शेवटाला लावायची, सुरुवातीला नाही. रंग राहिला, तर खोली वर्षभर ओकीबोकी दिसेल. पण वायरिंग राहिलं, तर जुन्या वायरींवर एसी चालवण्याचा धोका डोक्यावर, आणि पुढे रंगवलेली भिंत पुन्हा फोडायची. एकाच भिंतीसाठी गवंडी आणि रंगारी दोघांना दोनदा पैसे मोजावे लागतात.

तेव्हा कंत्राटदाराकडून दर घ्यायच्या आधी कामांची यादी या क्रमाने लिहून काढा. प्रत्येक कामापुढे वाळण्याचे दिवसही लिहा. पैसे कमी पडले तर कुठे थांबायचं, त्या जागी आजच एक रेघ मारून ठेवा.