शितावरून तेवीस हजार छत्र्या

चीनच्या झेजियांग प्रांतात सोंगशिया नावाचं छत्र्यांचं गाव आहे. तिथल्या एखाद्या कारखान्याच्या कचेरीत निर्यातीचे कागद तयार होतात, तेव्हा त्यावर माल उतरवायच्या बंदराच्या रकान्यात दोन शब्द रोमन अक्षरांत छापले जातात: न्हावा शेवा. रायगड जिल्ह्यातली खाडीकाठची ही दोन गावं. २६ मे १९८९ रोजी तिथे बंदर सुरू झालं आणि गावांची नावं जहाजांच्या कागदांवर चढली. शेवा गाव तर त्या बंदरासाठी उठवावं लागलं. तिथली आगरी आणि कोळी कुटुंबं दुसरीकडे वसवली गेली. घरं हलली, पण नाव तिथेच राहिलं, आणि आज ते समुद्रापलीकडची माणसं रोज टंकतात. मला या एका गोष्टीनेच आधी या धंद्याची ओढ लावली.

मग प्रश्न पडू लागले. पुण्याच्या बोहरी आळीतला एखादा छत्रीवाला, ज्याला चिनी भाषा येत नाही आणि ज्याच्याकडे कुणी वकील नाही, तो कधी न पाहिलेल्या कारखान्याला लाखो रुपये पाठवतो कसा? आणि तो कारखाना न पाहिलेल्या दुकानदारासाठी हजारो छत्र्या शिवतो कसा? दोघांमध्ये समुद्र, दोन सरकारं, दोन चलनं. फसवायला भरपूर वाव. तरीही जूनमध्ये दुकानात छत्री असते.

आधी सोंगशिया. एका छत्रीत किती वस्तू असतात ते कधी मोजून पाहा: काड्या, दांडा, खटका, स्प्रिंग, मूठ, कापड, काडीच्या टोकाची टोपी, बांधायचा पट्टा. छत्र्यांच्या गावात यातली जवळजवळ प्रत्येक वस्तू बनवणारं कुणीतरी हाकेच्या अंतरावर असतं. खटका बिघडला तर खटकेवाला संध्याकाळपर्यंत नवा आणून देतो. इचलकरंजीत सूत, सायझिंग आणि माग एकमेकांच्या आधाराने जगतात, तसंच हे. त्याच प्रांतात दातांगला मोजे आहेत, च्याओतोऊला बटणं आहेत.

आणि यीवू आहे, ज्याची कथा मला सगळ्यांत जवळची वाटते. यीवूची जमीन नापीक. तिथले फेरीवाले खांद्यावर कावड घेऊन, हातातलं खुळखुळ्याचं ढोलकं वाजवत गावोगाव फिरत आणि गुळासारख्या तांबड्या साखरेच्या बदल्यात कोंबडीची पिसं घेत. चांगल्या पिसांची झाडणी होत, उरलेली शेतात खत म्हणून जात. आपल्याकडे जुन्या लुगड्यांवर भांडी देणारी बोहारीण ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हा व्यापार वेगळा सांगायला नको. पण माओच्या काळात असा किरकोळ व्यापार गुन्ह्यासारखाच होता. १९८२ मध्ये फंग आयच्यान नावाच्या एका फेरीवालीने तिथले पक्षसचिव श्ये गाओहुआ यांना थेट गाठून विचारलं की आम्हाला विकू का देत नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तिथे उघडपणे बाजार भरला. आज त्याच यीवूत लहान वस्तूंचा जगातला सर्वांत मोठा घाऊक बाजार आहे, सुमारे ७५ हजार गाळ्यांचा. पिसांचा हिशेब जमलेल्या माणसांना बटणांचा हिशेब जड गेला नाही.

आता आपल्या दुकानदाराकडे येऊ. त्याने तीन घड्यांची, खटका दाबला की उघडणारी छत्री पसंत केली. नमुना मागवला, त्यावर सही केली, एक स्वतःकडे ठेवला, एक कारखान्याकडे. पैशांची रीत बहुधा अशी: तीस टक्के आगाऊ, सत्तर टक्के माल जहाजावर चढल्यावर. पण चढलेला माल नमुन्यासारखाच आहे हे कसं कळणार? समजा तेवीस हजार छत्र्या आहेत. एकेक उघडून पाहायला आठवडे जातील.

इथे आपल्या आजीचं वाक्य कामाला येतं. शितावरून भाताची परीक्षा. हे वाक्य घरोघरी म्हटलं जातं, पण त्यातलं गणित किती खोल आहे हे मला छत्र्यांमुळे समजलं. तपासनिसाकडे एक छापील कोष्टक असतं. माल दहा हजार एक ते पस्तीस हजार नगांदरम्यान असेल, तर नेहमीच्या पातळीच्या तपासणीला ३१५ नग काढा. अडीच टक्क्यांची मर्यादा ठरलेली असेल, तर १४ पर्यंत सदोष निघाले तर माल पास, १५ निघाले तर नापास. तेवीस हजारांतून फक्त ३१५! आणि माल दहापट कमी, म्हणजे तेवीसशे असता, तर काढायचे १२५. माल दहापट, नमुना जेमतेम अडीचपट.

पहिल्यांदा ऐकल्यावर हे पटत नाही. पण पातेलं लहान असो की लग्नातलं मोठं, भात शिजला का ते पाहायला चमचाभरच लागतो. पातेल्याच्या आकाराने फरक पडत नाही, फरक पडतो तो भात सगळीकडे सारखा ढवळलेला आहे का याने. खरोखरच शंभरात आठ छत्र्या खराब असतील, तर ३१५ मध्ये सरासरी पंचवीस सदोष सापडतात. चौदाच्या आत राहून निसटण्याची शक्यता शंभरात जेमतेम एक. म्हणून तपासनिसाने खोकी स्वतः निवडायची असतात, खालच्या थरातली, मधली, भिंतीकडची. कारखान्याने पुढे मांडून ठेवलेली खोकी म्हणजे वरवरचं शीत.

ही कोष्टकं बेल प्रयोगशाळेतल्या हॅरल्ड डॉज आणि हॅरी रोमिग यांच्या विचारातून उगवली आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराच्या खरेदीत रुजली. काडतूस चांगलं आहे का हे पाहायचं तर ते उडवावं लागतं, आणि उडवलं की संपलं. सगळी तपासली तर लढायला काही उरत नाही. त्या अडचणीतून जन्मलेली पद्धत आज बोहरी आळीतल्या माणसाचे पैसे वाचवते.

तपासलेली खोकी मग एका लोखंडी पेटीत जातात. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन या ट्रकवाल्याने अमेरिकेतल्या नेवार्क बंदरातून ‘आयडियल एक्स’ या जहाजावर ५८ पेट्या चढवून ह्यूस्टनला पाठवल्या. सुटा माल हमालांकडून जहाजात भरायला टनामागे ५.८६ डॉलर लागत. त्या दिवशीचा खर्च टनामागे १६ सेंटांच्या आत होता. बंदरांवरच्या हजारो हमालांची रोजी यात गेली, तेही याच गोष्टीचं अंग आहे. पण दुकानदाराचा हिशेब पाहा. वीस फुटी पेटीत आत ३३ घनमीटर जागा असते, फटी सोडून २८ धरा. साठ छत्र्यांचं खोकं ६० गुणिले ४० गुणिले ३० सेंटिमीटरचं धरलं, तर तेवीस हजारांवर छत्र्या मावतात. पेटीच्या समुद्रप्रवासाला दीड लाख रुपये पडले असं मानलं, तर एका छत्रीमागे साडेसहा रुपये. दक्षिण चीनचा समुद्र, मलाक्काची सामुद्रधुनी, श्रीलंकेला वळसा, साधारण तीन आठवडे, आणि भाडं एका वडापावपेक्षाही कमी. ज्याचा माल पेटीभर होत नाही, तो घनमीटरच्या दराने दुसऱ्यांच्या मालाशेजारी जागा घेतो.

पेटीवर एक क्रमांक रंगवलेला असतो. उरणच्या रस्त्यावर ट्रकमागे अडकलात तर जरूर वाचा. चार अक्षरं, सहा आकडे आणि शेवटी चौकटीत एकटा सातवा आकडा. तो सातवा आकडा बाकीच्यांवर पहारा करतो. हिशेब असा: प्रत्येक अक्षराला ठरलेली किंमत, मग पहिल्या चिन्हाला १ ने, दुसऱ्याला २ ने, तिसऱ्याला ४ ने, असं दुप्पट करत दहाव्याला ५१२ ने गुणायचं, बेरीज करायची आणि ११ ने भागायचं. उरते ती बाकी. सीएसक्यूयू ३०५४३८ या क्रमांकाची बेरीज ६१८५ येते, बाकी ३. म्हणून शेवटी ३. आता कुणी घाईत ३०५ ऐवजी ३५० लिहिलं, तर बेरीज ६०२५ होते आणि बाकी ८. यंत्र तिथल्या तिथे सांगतं की क्रमांक चुकला. माणसं कुठे चुकतात हे आधीच ओळखून, त्यावर राग न धरता उपाय करून ठेवणारी ही युक्ती मला फार हृद्य वाटते.

पेटी जहाजावर चढली की जहाज कंपनी जो कागद देते, त्याला बिल ऑफ लेडिंग म्हणतात. ट्रकच्या बिल्टीचा हा समुद्रावरचा थोरला भाऊ, पण याची ताकद वेगळीच. ज्याच्या हातात हा कागद, त्याच्या ताब्यात माल. त्याच्या तीन मूळ प्रती काढतात आणि एक वापरली गेली की उरलेल्या दोन निकामी होतात. जहाज भर समुद्रात असताना कागदामागे सही करून माल तिसऱ्याला विकता येतो. पेटी हलत नाही, मालक बदलतो. कारखाना हा कागद हातात धरून उरलेल्या सत्तर टक्क्यांची वाट पाहू शकतो. पतपत्राचा (लेटर ऑफ क्रेडिटचा) व्यवहार असेल, तर बँक पैसे देताना छत्री पाहतच नाही, फक्त कागद ठरल्याप्रमाणे आहेत का ते पाहते. म्हणूनच तपासणीचा दाखला त्या कागदांच्या यादीत आधीच घालून घ्यावा.

आता वाटेत जहाजाला काही झालं तर? सौद्यातल्या एफओबी (फ्री ऑन बोर्ड) या तीन अक्षरांत ठरतं की धोका कुठे हात बदलतो. २०१० पर्यंतच्या नियमांत ती जागा होती जहाजाच्या कठड्यावरची एक अदृश्य उभी रेषा. क्रेनला लोंबकळणारी पेटी रेषेच्या अलीकडे पडली तर नुकसान विकणाऱ्याचं, पलीकडे पडली तर घेणाऱ्याचं. आता माल जहाजावर ठेवला गेला की धोका घेणाऱ्याचा. आणि याहूनही जुना एक रिवाज अजून जिवंत आहे. वादळात जहाज वाचवायला काहींचा माल समुद्रात फेकावा लागला, तर ज्यांचा माल वाचला त्यांनी वाटा उचलून ते नुकसान भरून द्यायचं. रोड्स बेटाचा हा नियम रोमन सम्राट जस्टिनियनच्या सहाव्या शतकातल्या कायदेसंग्रहात आहे. मार्च २०२१ मध्ये ‘एव्हर गिव्हन’ हे जहाज सुएझ कालव्यात सहा दिवस अडकलं, तेव्हा जहाजमालकाने याच तत्त्वाचा आधार घेतला, आणि ज्यांच्या पेटीला ओरखडाही नव्हता त्यांनाही हमी द्यावी लागली. विमा काढायला कंटाळणाऱ्या लहान व्यापाऱ्याला मी हीच गोष्ट सांगेन.

न्हावा शेव्याला सीमाशुल्क खात्याचा पहिला प्रश्न असतो: ही वस्तू म्हणजे नेमकं काय? १९८८ पासून जगाने व्यापारातल्या वस्तूंना सहा आकडी क्रमांक दिले आहेत, आपण त्यापुढे आणखी दोन जोडतो. छत्री म्हणजे ६६०१. बागेतली मोठी छत्री वेगळी, दांडा एकात एक सरकणारी वेगळी. आणि खेळण्यातली छत्री? ती छत्रीच नव्हे, ते खेळणं. २०२२ च्या अर्थसंकल्पात छत्रीवरचं मूळ शुल्क २० टक्के झालं, २०२३ च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं ७० टक्के. शिवाय खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून भारतीय मानक ब्यूरोचं चिन्ह सक्तीचं आहे. म्हणजे बालवाडीतल्या मुलीच्या हातातली कार्टूनची छत्री पाऊस अडवायला आहे की बाहुलीवर धरायला, यावर कुणाचा वर्षभराचा नफा ठरू शकतो. शुल्क लागतं ते छत्रीच्या किमतीत भाडं आणि विमा मिळवून, बहुतेक मालाला त्यावर अधिभार, आणि मग या सगळ्या बेरजेवर आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. नवख्याचा हिशेब इथेच कोलमडतो, कारण त्याने फक्त कारखान्याचा भाव धरलेला असतो. आयजीएसटी पुढे विक्रीच्या करातून वजा करता येतो, मूळ शुल्क वजा करता येत नाही.

या सगळ्यावर एक घड्याळ टांगलेलं आहे. मृग ७ जूनच्या आसपास लागतो. दुकानं मेमध्ये भरायला हवीत, म्हणजे एप्रिलच्या अखेरीस पेटी बंदरात हवी, म्हणजे मार्चअखेर ती चीनच्या निंगबो बंदरातून निघायला हवी. पण जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत चिनी नववर्ष येतं, कामगार आपापल्या गावी जातात आणि कारखाने काही आठवडे थंडावतात. म्हणून आपल्याकडे दिवाळीचे आकाशकंदील अजून उतरलेले नसतात, तेव्हाच पुढच्या पावसाची छत्री ठरवावी लागते.

एप्रिलमधल्या एका दुपारी बोहरी आळीजवळच्या गोदामासमोर मी अशी पेटी उघडताना पाहिली. दुकानदाराने आधी दारावरच्या सीलचा आकडा कागदावरच्या आकड्याशी दोनदा ताडून पाहिला, मग मोठ्या कात्रीने सील तोडलं. आतून नव्या कापडाचा आणि रबराचा कोंडलेला वास आला. पुढची खोकी त्याने बाजूला ठेवायला लावली. तिसऱ्या ओळीतलं खालचं एक खोकं ओढून काढलं, पट्टी कापली, मधली एक छत्री उचलली आणि उन्हातच खटका दाबला. ती उघडली. मिटली, पुन्हा उघडली. मग त्याने दुसऱ्या खोक्याकडे बोट दाखवलं.