लेकरू गप्प झालं तर

आजचा विषय जड आहे. तरी आवाज कमी करू नका. घरात पोरगं-पोरगी असेल तर त्यांच्याही कानावर पडू द्या. आज बोलू या वयात येणाऱ्या लेकरांबद्दल, ज्यांच्या मनात कधी कधी जगणं नको असं येतं.

आपलं हुडकेश्वर आता अर्धं गाव आणि अर्धं शहर आहे. जिथं शेतं होती तिथं लेआउट पडले. लेकरं सकाळी शाळा-कॉलेजात, संध्याकाळी ट्यूशनला. आई कामाला, बाप कामाला. पूर्वी पोरगं रुसून बसलं तर शेजारची काकू, आजी कोणीतरी विचारायची. आता दार लागतं, फोन सुरू होतो आणि आत काय चाललं ते कोणाला कळत नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दरवर्षी देशभरातले आकडे देतो. त्यानुसार २०२२ या एका वर्षात आपल्या देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. म्हणजे रोज पस्तीसवर लेकरं. त्यातले १,७६४ आपल्या महाराष्ट्रातले होते, देशात सगळ्यात जास्त. हे आकडे भीती घालायला सांगत नाही. दुसऱ्याच्या घरचा प्रश्न म्हणून आपण जे टाळतो, तो आपल्या सगळ्यांचा आहे, एवढ्यासाठी सांगते.

कारण एक नसतं

अशी बातमी आली की आपण लगेच म्हणतो, "नापास झाला म्हणून", "फोन घेऊन दिला नाही म्हणून", "प्रेमभंग झाला म्हणून". ती बहुतेक वेळा शेवटची काडी असते. खाली आधीच ढीग साचलेला असतो. घरातली रोजची भांडणं, दारू, कर्ज, अभ्यासाचं ओझं, वर्गातली चिडवाचिडवी, मोबाईलवर कोणी दिलेली धमकी, मनाविरुद्ध ठरवलेलं लग्न, कोणीतरी केलेला घाणेरडा स्पर्श जो सांगता आला नाही. कधी नैराश्याचा आजार असतो आणि तो आपल्याला आळस वाटतो.

या वयात भावना मोठ्या असतात आणि धीर लहान असतो. आज जे घडलं ते कायमचंच, असं लेकराला वाटतं. आपण चाळीस वर्षांत दहा संकटं पाहिलेली असतात. त्याचं हे पहिलंच असतं. म्हणून "एवढ्याशा गोष्टीसाठी?" असं म्हणू नका. आपल्याला ती एवढीशी आहे, त्याला नाही.

ओळखायचं कसं?

लेकराचा नेहमीचा स्वभाव आईला, आजीला, मावशीला माहीत असतो. त्यात दोन आठवड्यांहून जास्त टिकणारा बदल दिसला की लक्ष द्यायचं. झोप उडते, नाहीतर दिवसभर पडून राहावंसं वाटतं. जेवण कमी होतं. मैत्रिणींकडे जाणं बंद होतं. आवडीचा खेळ, गाणं, मेंदी, क्रिकेट नको होतं. चिडचिड वाढते. मुलं बऱ्याचदा रडत नाहीत, भांडतात. त्यांचं दुःख रागाच्या रूपात बाहेर येतं आणि आपण त्याला "माजला" म्हणतो.

काही खुणा मात्र थांबून पाहण्यासारख्या नाहीत. "मी नसलो तर बरं होईल", "माझा सगळ्यांना त्रासच आहे" असं बोलणं. वहीत, स्टेटसवर मरणाबद्दल लिहिणं. आवडत्या वस्तू वाटून टाकणं. सगळ्यांचा निरोप घेतल्यासारखं बोलणं. स्वतःच्या अंगाला इजा करणं. आणि फार दिवस उदास असलेलं लेकरू काही कारण नसताना अचानक शांत झालं, तर तेही बरं झालं असं धरून चालू नका. अशा वेळी त्याच दिवशी बोला.

"जो बोलतो तो करत नाही" ही म्हण डोक्यातून काढून टाका. जे लेकरू बोलतं ते मदत मागत असतं. ती धमकी नाही आणि नाटकही नाही.

विचारायचं कसं?

पुष्कळ आयांना भीती वाटते की विचारलं तर नको ते डोक्यात येईल. तसं होत नाही. जगभरातले मानसोपचारतज्ज्ञ हेच सांगतात की सरळ विचारल्याने विचार येत नाही, उलट मनावरचं ओझं उतरतं. कोणीतरी ओळखलं, आता लपवायला नको, असं लेकराला वाटतं.

चार माणसांत विचारू नका. भाजी निवडताना, गाडीवर मागे बसवून नेताना, रात्री गच्चीवर, असं सहज. आपल्या घरच्या बोलीतच विचारा. "तू आजकाल लय गप्प गप्प रायते. मले तुयी काळजी वाटते. काय झालं, सांग ना." मग थांबा. ती गप्प राहिली तर तुम्हीही थोडा वेळ गप्प राहा. आणि गरज वाटली तर स्पष्ट विचारा, "तुया मनात कधी मरून जावं असं येते काय?"

ती "हो" म्हणाली तर तुमच्या पोटात गोळा येईल. येऊ द्या, पण ओरडू नका. मारू नका. शपथ घालू नका. "आम्ही तुले काय कमी केलं?", "लोक काय म्हनतील?" हे त्या वेळी नकोच. एवढंच म्हणा, "बरं झालं मले सांगितलं. तू एकटी नाहीस. आपण दोघी मिळून यातून मार्ग काढू."

"कोणाला सांगू नको" असं ती म्हणेल. त्याचं वचन देऊ नका. खरं सांगा, "गावभर नाही सांगनार. पन तुले मदत करू शकेल अशा मानसाले सांगनार, आन् तुले विचारूनच सांगनार."

मग तिला एकटं सोडू नका. रात्री कोणीतरी तिच्या खोलीत झोपा. पहारा दिल्यासारखं नाही, सोबत म्हणून.

घरातल्या धोक्याच्या वस्तू

जीव देण्याची तीव्र इच्छा लाटेसारखी येते आणि ओसरते. कधी काही मिनिटांत, कधी काही तासांत. ती लाट असताना हाताशी धोक्याची वस्तू नसली तर लेकरू वाचतं. आणि वाचलेलं माणूस परत तिकडे जातंच असं नाही. गंभीर प्रयत्नातून वाचलेल्या दहा जणांपैकी नऊ जण पुढे आत्महत्येने मरत नाहीत, असं अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलं आहे.

आपल्या शेजारच्या श्रीलंकेत एके काळी आत्महत्यांचं प्रमाण फार मोठं होतं. १९९० च्या दशकात तिथल्या सरकारने अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी आणली. पुढच्या वीस वर्षांत हे प्रमाण निम्म्याहून खाली आलं. त्या काळात माणसांची दुःखं काही संपली नव्हती. पण वाईट क्षण टळला आणि पुढे जगायला वेळ मिळाला.

आपण बंदी आणू शकत नाही, कुलूप तर लावू शकतो. फवारणीचं औषध घरात, पलंगाखाली, न्हाणीत ठेवू नका. पेटीत ठेवा, कुलूप लावा, चावी मोठ्या माणसाजवळ राहू द्या. लागेल तेवढंच आणा. आजी-आजोबांच्या गोळ्याही कुलपात ठेवा.

आणि कोणी काही घेतल्याचा संशय जरी आला, तरी मिठाचं पाणी पाजणं, उलटी काढणं असले घरगुती उपाय करू नका. त्याने जास्त धोका होतो. १०८ ला फोन करा, औषधाचा डबा किंवा पाकीट सोबत घ्या आणि सरळ दवाखाना गाठा. "आता बरं वाटते" असं लेकरू म्हणालं तरी न्याच.

मदत कुठे आहे?

पेन घ्या, भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. १४४१६. हा 'टेली मानस'चा नंबर आहे. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ ला ही सेवा सुरू केली. फोन फुकट आहे, रात्री-बेरात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. लेकरू स्वतः करू शकतं, तुम्हीही काळजीपोटी करू शकता. दुसरा नंबर १०९८. लेकरावर अत्याचार होत असेल, बालविवाह ठरत असेल तर हा. आणि जीवाला आत्ता धोका असेल तर ११२ किंवा १०८.

हुडकेश्वरवाल्यांना नागपूरचं मेडिकल जवळ आहे. मेडिकल आणि मेयो, दोन्हीकडे मानसोपचार विभाग आहे. प्रादेशिक मनोरुग्णालयही नागपुरातच आहे. तिथल्या चौकाला लोकांनी 'पागलखाना चौक' म्हणून नाव पाडलं आणि त्या नावाला घाबरून माणसं तिकडे फिरकत नाहीत. मैत्रिणींनो, तिथं बाह्यरुग्ण विभाग आहे. माणूस दाखवून, औषध घेऊन त्याच दिवशी घरी येतो. १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींसाठी सरकारी दवाखान्यांत 'मैत्री क्लिनिक' चालतं. तुमच्याजवळचं कुठं आहे ते आशाताईला विचारा.

देवाला नवस बोला, दर्ग्यावर जा, त्याला माझी ना नाही. पण त्यापायी डॉक्टरकडे जायला आठवडा लावू नका.

"पोलीस केस होईल काय?"

या भीतीने कितीतरी घरं लेकराला दवाखान्यात उशिरा नेतात. पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ प्रमाणे प्रयत्न करणं गुन्हा होता. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ ने हे बदललं. कलम ११५ म्हणतं की असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं मानायचं, तिला शिक्षा करायची नाही, उलट सरकारने तिची काळजी घ्यायची. १ जुलै २०२४ पासून नवी भारतीय न्याय संहिता आली, त्यात ते जुनं कलमच नाही. दवाखान्यात नोंद होईल, पोलीस जबाब विचारायला येतील. ती रीत आहे. घाबरून उशीर करू नका.

शाळेलाही जबाबदारी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ ला विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा, असं त्यात आहे. कोचिंग क्लासलाही हे लागू आहे. पालक सभेत उठून विचारा, "आपल्या शाळेचे समुपदेशक कोण? कोणत्या दिवशी भेटतात?"

निकालाचा दिवस

दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी लेकराला मोबाईलसमोर एकटं बसवू नका. निकाल लागायच्या आधीच सांगून ठेवा, "काहीही लागला तरी संध्याकाळी आपण सोबत जेवणार आहोत." मंडळाची पुरवणी परीक्षा त्याच वर्षी असते. दहावीत एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो. हे लेकराला निकालाआधी माहीत असलं पाहिजे. आणि त्या दिवशी शेजारच्या घरी फोन करून "तुमचीले किती?" असं विचारू नका. हे तर आपल्याच हातात आहे.

दवाखान्यातून परत आलेलं लेकरू

प्रयत्नातून वाचून घरी आलेल्या लेकराकडे गाव कसं पाहतं, यावर पुढचं बरंच ठरतं. सुरुवातीचे काही आठवडे, महिने सगळ्यात जपण्याचे असतात. भेटायला जाल तर "काहून केलं असं?" विचारू नका. "आलीस, बरं वाटलं. उद्या येतो पुन्हा," एवढं पुरे. डॉक्टरने बोलावलेल्या तारखा चुकवू नका. बरं वाटतंय म्हणून गोळ्या मनाने बंद करू नका.

आणि एखादं लेकरू गेलंच असेल, तर त्याच्या आईला दोष देऊ नका. तिच्या घरी जा, चूल पेटली का पाहा. फोटो, चिठ्ठी, व्हिडिओ पुढे पाठवू नका. कसं केलं याची चर्चा लेकरांसमोर नको. गेलेल्याच्या मित्र-मैत्रिणींकडे, भावंडांकडे त्या दिवसांत जास्त लक्ष द्या. तीही आतून हललेली असतात.

गटाने काय करायचं?

बायांनी गावातच हे काम करता येतं, आणि विदर्भात ते झालंही आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवून घरोघरी मनाच्या आजाराबद्दल बोलणं सुरू केलं. दीड वर्षानंतर नैराश्य असलेल्या मोठ्या माणसांपैकी मदत घेणारे शंभरात ४ होते ते २७ झाले. वर्षभरात मरणाचे विचार आले असं सांगणारे शंभरात पाच होते, ते अडीचवर आले. हे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. तो अभ्यास मोठ्यांचा होता, पण बोलणारी माणसं गावात तयार झाली की त्याच घरांतल्या लेकरांनाही ती मिळतात.

म्हणून पुढच्या बैठकीत हप्ते भरून झाले की दहा मिनिटं ठेवा. दोन बाया निवडा ज्यांच्या पोटात गोष्ट राहते. लेकरांना सांगा, घरी बोलता येत नसेल तर या काकूकडे जा. १४४१६ आणि १०९८ हे नंबर अंगणवाडीच्या, पीठगिरणीच्या, किराणा दुकानाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून काढा. औषधाच्या पेट्यांना कुलूप लागलं का, ते एकमेकींना विचारा.

आणि आज रात्री आपल्या घरातल्या लेकराजवळ पाच मिनिटं बसा. अभ्यास, मार्क, मोबाईल यातलं काही काढू नका. नुसतं "कसा गेला दिवस?" विचारा आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत ऐका.

नमस्कार.