वऱ्हाडचा युवराज

६ ऑक्टोबर १९३३ रोजी फ्रान्समधल्या नीस शहरात मुकर्रम जाह यांचा जन्म झाला. वडिलांकडचे आजोबा हैदराबादचे सातवे निजाम मीर उस्मान अली खान, तर आईकडचे आजोबा शेवटचे खलिफा अब्दुल मजीद. १९२४ मध्ये तुर्कस्तानने खिलाफत मोडीत काढली आणि खलिफाचं कुटुंब नीसला येऊन राहिलं. निजामाने त्यांना तनखा बांधून दिला. खलिफाची एकुलती एक मुलगी दुर्रूशेहवार. तिचं लग्न नोव्हेंबर १९३१ मध्ये निजामाचे थोरले चिरंजीव आझम जाह यांच्याशी झालं आणि त्या दोघांचा हा पहिला मुलगा.

हे सगळं यवतमाळच्या वाचकाला का सांगायचं? कारण या मुलाचे वडील आपल्या नावाने ओळखले जात: प्रिन्स ऑफ बेरार, म्हणजे वऱ्हाडचे युवराज. अमरावती, अकोला, बुलढाणा आणि यवतमाळ, हाच तो वऱ्हाड. पुसदला इतिहास शिकवताना मी हा किताब फळ्यावर लिहायचे, तेव्हा पोरं चमकून बघायची. आपल्या गावांवरून कुणाला युवराज म्हणत होते, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसायचं.

१८५३ मध्ये फौजेच्या खर्चापोटी थकलेल्या रकमेसाठी इंग्रजांनी वऱ्हाड निजामाकडून कारभाराला घेतला. १९०२ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनने तो वर्षाला २५ लाख रुपयांच्या खंडाने कायमचा ठेवून घेतला. हा पैसा अखेर इथल्या काळ्या जमिनीच्या सारावसुलीतूनच निघायचा. कापूस पिकवणाऱ्याला मात्र कुणी विचारलं नाही की बाबा, तुला कुणाच्या अमलाखाली राहायचंय? मला हे आजही खटकतं.

निजामाने वऱ्हाड परत मागून पाहिला, पण १९२६ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगने साफ नकार दिला. मग १९३६ च्या करारात इंग्रजांनी मधला मार्ग काढला. कारभार मध्य प्रांताबरोबरच राहणार होता, पण वऱ्हाडवर नावापुरतं स्वामित्व निजामाचं. त्यांनी स्वतःला ‘हैदराबाद आणि बेरारचे निजाम’ म्हणवावं आणि त्यांच्या वारसाने ‘प्रिन्स ऑफ बेरार’. मुकर्रम तेव्हा तीन वर्षांचे होते.

उमरखेडकडची जुनी माणसं पैनगंगेपलीकडच्या निजामाच्या मुलखाला मोगलाई म्हणत. माझी आजी माहूरला रेणुकेच्या दर्शनाला निघाली, की "मोगलाईत चालले" असंच सांगायची. आपल्या काठावर राज्य इंग्रजांचं आणि युवराजाच्या किताबात नाव आपलं, असा तो मामला होता.

आता वारसाहक्काचं. थोरल्या मुलालाच गादी, असं आपण सहज धरून चालतो. आसफजाही घराण्यात ते तितकं पक्कं नव्हतं. पहिले निजाम १७४८ मध्ये वारले, तेव्हा मुलगा नासिर जंग आणि मुलीचा मुलगा मुझफ्फर जंग गादीसाठी एकमेकांवर उठले. दोघांनाही काही वर्षांतच त्यात जीव गमवावा लागला. त्यामुळे राज्यकर्ता कुणाचं नाव पुढे करतो, याला पुढेही वजन राहिलं. उस्मान अली खान थोरल्या मुलाच्या उधळपट्टीवर नाराज होते. १९५४ मध्ये त्यांनी मुलाला बाजूला सारून नातवाला वारस नेमलं. डून स्कूल, हॅरो आणि केंब्रिजमध्ये शिकलेले मुकर्रम तेव्हा विशीतले होते. हैदराबाद संस्थान तर १९४८ मध्येच भारतात विलीन झालेलं. म्हणजे वारसा होता तो किताबाचा, तनख्याचा आणि अफाट मालमत्तेचा.

२४ फेब्रुवारी १९६७ ला आजोबा गेले आणि मुकर्रम आठवे निजाम झाले. वडील हयात होते. १९७० मध्ये मृत्यू येईपर्यंत ते वऱ्हाडचे युवराजच राहिले, आणि गादीवर त्यांचा मुलगा. माझ्या मते या घराण्याच्या कथेतली ही सगळ्यात जिव्हारी लागणारी गोष्ट आहे. ज्या माणसाला आपल्या मुलखाचं नाव दिलं, त्याला ना तो मुलूख मिळाला ना गादी.

१९७१ मध्ये सरकारने तनखे आणि किताब रद्द केले. मुकर्रम जाह ऑस्ट्रेलियात मेंढ्यांच्या विस्तीर्ण कुरणावर राहायला गेले आणि पुढे तुर्कस्तानात. जानेवारी २०२३ मध्ये इस्तंबूलला त्यांचं निधन झालं. हैदराबादच्या मक्का मशिदीत त्यांचा दफनविधी झाला आणि त्यांचे चिरंजीव अझमत जाह यांना घराण्याने नववे निजाम मानलं.