गुंता कुठवर पोचला?

टाऊ हे प्रथिन निरोगी मेंदूतही असते. चेतापेशीच्या लांब तंतूंतल्या सूक्ष्म नलिकांना ते आधार देते. अल्झायमरमध्ये ते तिथून सुटते आणि पेशीच्या आतच त्याचे गुंते होतात. अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली ट्युबिंगेनच्या सभेत ज्या स्त्रीच्या मेंदूबद्दल सांगितले, ती त्याआधीच वारली होती. पुढेही कित्येक दशके हे गुंते शवविच्छेदनाशिवाय दिसत नसत. जिवंत माणसाच्या मेंदूत ते दाखवणारे फ्लोरटॉसिपिर हे द्रव्य अमेरिकेत २०२० साली मंजूर झाले. या द्रव्याने मिळणाऱ्या मेंदूच्या चित्राकडे ‘टाऊ आहे की नाही’ एवढेच विचारायला जाणे चूक आहे, असे मला ठामपणे वाटते. त्याला विचारायचे ते टाऊ कुठवर पोचले आहे, हे.

हे चित्र तयार कसे होते, ते पाहिले की असे का म्हणायचे हे कळते. द्रव्याला फ्लोरिन-१८ हा किरणोत्सारी अणू जोडलेला असतो आणि त्याचे अर्धायुष्य जेमतेम ११० मिनिटांचे. म्हणजे साठा करून ठेवण्याची सोय नाही. ते शिरेतून दिल्यावर सुमारे ८० मिनिटे थांबतात, कारण कशालाच न चिकटलेले द्रव्य तोवर मेंदूतून बरेचसे निघून जावे लागते. मग २० मिनिटे पेट स्कॅन. प्रत्येक भागातल्या किरणोत्साराची तुलना लहान मेंदूशी करतात, कारण अल्झायमरमध्ये तिथे हे गुंते सहसा नसतात. पडद्यावरचा लाल-पिवळा रंग म्हणजे हे गुणोत्तर. तो टाऊचा फोटो नव्हे. शिवाय मेंदूच्या खोल भागातल्या काही केंद्रांत गुंते नसतानाही हे द्रव्य साचते. जागा न पाहता नुसती चमक मोजणारा इथे हमखास फसेल.

जागेचे महत्त्व हाइको आणि एव्हा ब्राक यांनी १९९१ मध्येच दाखवले होते. गुंते कानशिलाच्या आतल्या बाजूच्या एका छोट्या पट्ट्यापासून सुरू होतात आणि ठरावीक क्रमाने बाहेर पसरतात. वय वाढले की त्या पहिल्या पट्ट्यात थोडे गुंते बहुतेकांच्या मेंदूत होतात, स्मरणशक्ती शाबूत असलेल्यांच्याही. तेवढ्यावरून कुणाला रोगी ठरवणे अन्यायाचे आहे. ते पट्टा ओलांडून मेंदूच्या बाहेरच्या थरांत गेले आणि जोडीला अमायलॉइड हे अल्झायमरमधले दुसरे प्रथिनही साचलेले असले, तर मात्र गोष्ट वेगळी.

रक्तातल्या टाऊची चाचणी आता उपलब्ध असताना हा महागडा खटाटोप कशाला, हा आक्षेप रास्त आहे. पहिल्या चाळणीसाठी रक्तचाचणीच बरी, हे मान्य. पण रक्ताच्या थेंबाला जागेचा पत्ता नसतो. दुसरा आक्षेप जास्त जड आहे: हे स्कॅन सुरुवातीचे गुंते बरेचदा पकडत नाही. मृत्यूनंतर मेंदू तपासून केलेल्या पडताळणीत ते पुढच्या टप्प्यांतच भरवशाचे ठरले. म्हणून स्वच्छ चित्र हाती आले, तरी मेंदूत गुंते नाहीतच असे कुणाला सांगता येत नाही.

तरीही जागेच्या प्रश्नाचे वजन उपचारात दिसते. डोनानेमॅब या अल्झायमरवरच्या औषधाच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रुग्णांची विभागणी टाऊच्या स्कॅनवरून केली होती. टाऊ कमी किंवा मध्यम असलेल्यांत घसरण सुमारे ३५ टक्क्यांनी मंदावली; टाऊ जास्त असलेल्यांनाही धरले, तर सुमारे २२ टक्क्यांनी. या औषधाने मेंदूला सूज येऊ शकते, रक्तस्राव होऊ शकतो. तो धोका कुणी पत्करायचा, हे ठरवताना नातेवाइकांच्या हाती ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढाच अहवाल देऊन चालणार नाही.