विजेविना पाव भाजणे

विजेविना पाव भाजणे म्हणजे विद्युत टोस्टर न वापरता तवा, जाळी, हातातला साचा किंवा निखारे यांच्या साहाय्याने पावाच्या कापांना बाहेरून कोरडा, खरपूस थर आणणे होय. विजेचा पुरवठा मर्यादित असलेल्या ठिकाणी ही पद्धत वापरली जाते. मासेमारी नौकेची केबिन, मालमोटार, निवासासाठी सजवलेली व्हॅन आणि गिर्यारोहकांचा तळ ही अशा ठिकाणांची उदाहरणे होत. रत्नागिरी शहरातील मिरकरवाडा बंदरासारख्या बंदरांतून समुद्रात जाणाऱ्या यांत्रिक नौकांवर वास्तव्य, काम आणि स्वयंपाक हे सर्व मोजक्या जागेत चालते. त्यामुळे चारचाकी वाहनात राहणाऱ्यांच्या अडचणी आणि या खलाशांच्या अडचणी पुष्कळशा सारख्याच असतात.

शब्द व अर्थ

‘टोस्ट’ हा शब्द भाजणे किंवा करपवणे या अर्थाच्या लॅटिन धातूपासून युरोपीय भाषांत आला. मराठीत त्याचे दोन अर्थ रूढ आहेत. पहिला, घरी ऐनवेळी भाजलेला पाव. दुसरा, बेकरीत दोनदा भाजून पूर्ण कोरडा केलेला, चहात बुडवून खाल्ला जाणारा कडक पदार्थ. कोकणातील बेकऱ्यांत खारी, बटर आणि नानकटाईच्या शेजारी ठेवलेला ‘टोस्ट’ हा या दुसऱ्या प्रकारचा असतो. ‘पाव’ हा शब्द मात्र पोर्तुगीज भाषेतून मराठीत आला आहे.

प्रक्रिया

पावाच्या पृष्ठभागावरील पाणी निघून गेल्याशिवाय त्याचे तापमान १०० अंश सेल्सिअसच्या फारसे वर जात नाही. पृष्ठभाग कोरडा झाल्यावर, सुमारे १४० अंशांपुढे, पावातील शर्करा व अमिनो आम्ले यांच्यात वेगाने अभिक्रिया होऊन तपकिरी रंग आणि खमंग वास निर्माण होतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामीय मायार यांनी १९१२ साली या अभिक्रियेचे वर्णन केले. तिला मायार अभिक्रिया म्हणतात. शिळ्या पावाचा पृष्ठभाग बहुधा अधिक कोरडा असल्याने तो ताज्या पावापेक्षा लवकर भाजला जातो.

विद्युत टोस्टरमधील तापलेली तार मुख्यतः अवरक्त प्रारणाने पाव भाजते. त्यामुळे उंचसखल कापालाही साधारण सारखा रंग येतो. तव्यावर उष्णता स्पर्शाने जाते आणि पाव जिथे टेकतो तिथेच भाजला जातो. विजेविना पाव भाजण्याच्या बहुतेक क्लृप्त्या हा फरक भरून काढण्यासाठी आहेत.

वाहनात टोस्टर का चालत नाही

पाव भाजण्यासाठी एकूण ऊर्जा थोडीच लागते. ८०० वॅटचा टोस्टर तीन मिनिटे चालल्यास केवळ ०.०४ युनिट वीज खर्च होते. अडचण ऊर्जेची नसून विद्युतप्रवाहाची असते. १२ व्होल्टच्या बॅटरीतून ८०० वॅट मिळवण्यासाठी सुमारे ६७ अँपिअर प्रवाह लागतो आणि इन्व्हर्टरमधील घट धरल्यास तो आणखी वाढतो. एवढ्या प्रवाहासाठी जाड तारा आणि मोठा इन्व्हर्टर आवश्यक असतो. नौकेवर तीच बॅटरी दिवे, बिनतारी संदेशयंत्र आणि दिशादर्शक उपकरणे यांनाही पुरवायची असते.

पद्धती

तवा: जाड लोखंडी तवा मध्यम आचेवर कोरडाच तापवतात. काप ठेवून त्यावर सपाट भांड्याचे हलके वजन दिल्यास स्पर्श सर्वत्र होतो. प्रत्येक बाजूस साधारण दीड ते दोन मिनिटे पुरतात. उतरवलेला काप ताटात न ठेवता जाळीवर किंवा उभा ठेवावा, अन्यथा अडकलेल्या वाफेने खालची बाजू मऊ पडते.

जाळी: पापड किंवा वांगे भाजण्याची तारेची जाळी शेगडीवर ठेवून पाव भाजता येतो. गॅस जळताना पाण्याची वाफ तयार होते आणि उघडी ज्योत एकाच जागी लागते. म्हणून जाळीखाली पातळ पत्रा असल्यास तो तापून उष्णता पसरवतो आणि पाव अधिक एकसारखा भाजला जातो.

हातातला साचा: बिजागरीने जोडलेल्या दोन ॲल्युमिनियमच्या पाळ्या आणि लांब मूठ असलेला हा साचा मुंबईतील सँडविच विक्रेत्यांमुळे सर्वपरिचित आहे. तो कडीने बंद होत असल्याने हेलकावे खाणाऱ्या नौकेवर काप घसरत किंवा सांडत नाही.

निखारे: कोळशाचे निखारे प्रारणाने उष्णता देतात. त्यामुळे विद्युत टोस्टरच्या सर्वांत जवळचा परिणाम याच पद्धतीने मिळतो. ही पद्धत केवळ उघड्यावर वापरावी.

नौकेवरील उपयोग

मासेमारी नौकांवर मुख्य जेवण भात आणि माशांचे कालवण हेच असते. पाव व टोस्ट यांचे स्थान चहाबरोबर आहे. समुद्राच्या दमट हवेत साध्या पावाला लवकर बुरशी येते, तर बेकरीतील कडक टोस्टमध्ये पाणी अत्यल्प असल्याने तो बराच काळ टिकतो. युरोपीय जहाजांवर पूर्वी नेली जाणारी कडक बिस्किटेही याच तत्त्वावर बनत. या अर्थाने बेकरीतला टोस्ट म्हणजे किनाऱ्यावरच भाजून नेलेला पाव होय. हवा लागून तो मऊ पडल्यास गरम तव्यावर क्षणभर ठेवला की पुन्हा कुरकुरीत होतो. बुरशी आलेला पाव मात्र भाजूनही खाण्यायोग्य होत नाही.

धोके व दक्षता

बंद केबिनमध्ये किंवा व्हॅनमध्ये जळणाऱ्या शेगडीतून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साचू शकतो. त्याला रंग वा वास नसतो आणि रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट बांधला जातो. डोकेदुखी, मळमळ व गुंगी ही लक्षणे थकवा किंवा बोट लागणे समजून दुर्लक्षिली जातात आणि झोपेत मृत्यू ओढवू शकतो. विझत आलेले निखारे विशेष घातक असतात. उबेसाठी ते आत ठेवणे कटाक्षाने टाळावे. पाव भाजताना समोरासमोरची दोन झरोके उघडी ठेवावीत.

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाल्यास तो वर न जाता नौकेच्या तळाशी किंवा वाहनाच्या फरशीलगत साचतो आणि उंचावरील खिडकी उघडी असूनही तिथेच राहतो. म्हणून सिलिंडर शक्यतो बाहेर, हवेशीर जागी ठेवावा व काम होताच त्याचा झडप बंद करावा. वास आल्यास विजेचे कोणतेही बटण दाबू नये आणि इंजिन सुरू करू नये.

पिष्टमय पदार्थ १२० अंशांहून अधिक तापल्यास ॲक्रिलामाइड हे रसायन तयार होते, हे २००२ साली स्वीडनमधील संशोधकांनी दाखवून दिले. त्यामुळे पाव काळा न होऊ देता सोनेरी रंगावरच उतरवणे योग्य मानले जाते.

हे सुद्धा पहा

पाव
मायार अभिक्रिया
मिरकरवाडा
कार्बन मोनॉक्साइड