पिल्लू दत्तक द्यायचं आहे, पण मादी कुणी नेत नाही: मोबाईलवरच्या पोस्टमागची गोष्ट

कांद्याचा भाव, पावसाचा अंदाज, कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि मध्येच एक फोटो. खोक्यात चार पिल्लं. खाली लिहिलेलं असतं, "हक्काचं घर हवं आहे, इच्छुकांनी संपर्क करावा." पुण्या-मुंबईच्या ग्रुपवर दिसणाऱ्या असल्या पोस्ट आता तालुक्याच्या, गावाच्या ग्रुपवरही यायला लागल्यात. तासाभरात दोन पिल्लं जातात. उरलेल्या दोन बहुतेक वेळा माद्या असतात.

त्यांचं पुढं काय होतं हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. पोत्यात घालून बाजारतळावर, ढाब्याच्या मागं नाहीतर शेजारच्या गावच्या वेशीवर सोडलं जातं. आठ-दहा महिन्यांनी त्यातली जी जगली, ती स्वतः व्यायलेली असते आणि पुन्हा खोक्याचा फोटो येतो.

म्हणून आधी हे बघू, की प्राण्यांचे व्हिडिओ टाकणारी मंडळी नेमकं करतात काय, त्यातलं खरं कोणतं, खोटं कोणतं आणि पिल्लू घरी आणलं तर पुढं काय काय करावं लागतं.

एका मांजरीनं काय केलं

पाळीव प्राण्याच्या नावानं पान चालवायचं आणि त्यातून बेघर प्राण्यांसाठी मदत उभी करायची, ही रीत अमेरिकेत आधी रुजली. तिथल्या इंडियाना राज्यात 'लिल बब' नावाची मांजरी होती. जन्मतःच व्यंग, अंगानं ठेंगणी, दात आलेच नाहीत, त्यामुळं जीभ कायम बाहेर. अशा मांजरीला कोण घेणार? पण तिला सांभाळणाऱ्या माणसानं तिचे फोटो टाकले आणि ती जगभर माहीत झाली. २०१४ साली तिच्या नावानं अपंग, आजारी प्राण्यांसाठी निधी सुरू झाला. डिसेंबर २०१९ मध्ये ती गेली, तोवर तिच्या नावावर प्राण्यांसाठी सात लाख डॉलरहून जास्त रक्कम जमली होती.

आपल्याकडचं जवळचं उदाहरण राजस्थानातल्या उदयपूरचं. 'ॲनिमल एड अनलिमिटेड' ही संस्था २००२ पासून तिथं रस्त्यावरच्या जखमी कुत्र्यांवर, गाई-गाढवांवर उपचार करते. तिचे व्हिडिओ तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. खरूज होऊन दगडासारखं झालेलं कुत्रं, मग उपचार आणि काही आठवड्यांनी अंगावर केस आलेलं तेच कुत्रं. मुंबईत 'वर्ल्ड फॉर ऑल' ही संस्था 'ॲडॉप्टाथॉन' नावाचा मेळावा भरवत आली आहे. तिथं रस्त्यावरच्या देशी कुत्र्या-मांजरांना घरं मिळवून दिली जातात.

एक फरक मात्र ध्यानात घ्या. शहरात दत्तक म्हणजे निवारागृहातून घरी. आपल्या बहुतेक तालुक्यांत असं निवारागृहच नाही. आपल्याकडं दत्तक म्हणजे उकिरड्यावरून, स्टँडवरून किंवा शेजाऱ्याच्या गोठ्यातून घरी. म्हणजे मधे तपासणारं, लस देणारं, ऑपरेशन करणारं कुणी नाही. ती सगळी कामं नेणाऱ्याच्या अंगावर येतात आणि पोस्टमध्ये ती लिहिलेलीच नसतात.

बनावट व्हिडिओ ओळखा

अजगरानं पिल्लाला विळखा घातलाय आणि एक जण धावत येऊन सोडवतोय. चिखलात रुतलेलं पिल्लू, आणि कॅमेरा मात्र आधीपासून बरोबर समोर लावलेला. असे व्हिडिओ पुष्कळदा मुद्दाम घडवलेले असतात. प्राण्याला आधी संकटात टाकायचं, मग वाचवायचं, आणि बघणाऱ्यांच्या जिवावर पैसे कमवायचे. हा प्रकार इतका वाढला, की यूट्यूबनं २०२१ मध्ये अशा बनवलेल्या 'बचाव' व्हिडिओंवर बंदी असल्याचं जाहीर केलं. तरी ते फिरतातच.

खऱ्या कामात ठिकाण कळतं, डॉक्टर दिसतो, आणि महिन्या-दोन महिन्यांनी तो प्राणी कसा आहे तेही कळतं. ज्या चॅनलवर एकाच माणसाला रोज नवा प्राणी विहिरीत सापडतो, तिथं शंका घ्या. संताप आला म्हणून खाली शिव्या लिहू नका. कॉमेंट कसलीही असो, व्हिडिओ त्यानं आणखी पुढं जातो. रिपोर्ट करा आणि बंद करा.

दुसरी फसवणूक खिशाची. "लॅब्राडोरचं पिल्लू मोफत, फक्त गाडीभाडं आगाऊ पाठवा." पैसे गेले की नंबर बंद. प्राणी डोळ्यानं पाहिल्याशिवाय एक रुपयाही पाठवायचा नाही. गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. आणि कुणी खरोखर विकत असेल, तरी आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला कायद्यानं मनाई आहे.

मादी मागं का राहते?

कारण साधं आहे. नर राखण करतो आणि मादी 'घाण करते', म्हणजे माजावर आली की दारात दहा कुत्री जमतात आणि मग पिल्लं. राखणीत मादी कुठं कमी पडत नाही, हे धनगरवाड्यात कुणालाही विचारा. अडचण आहे ती पिल्लांची, आणि तिच्यावर उपाय आहे.

कुत्री साधारण ६३ दिवसांनी विते, वर्षातून दोनदा माजावर येऊ शकते, आणि एका वेताला चार ते सहा पिल्लं सहज होतात. "एका कुत्रीपासून सहा वर्षांत ६७ हजार कुत्री होतात," असा एक मेसेज फिरतो. तो हिशेब कागदावरचा आहे. सगळी पिल्लं जगली असं धरून केलेला. प्रत्यक्षात काय होतं ते कोलकात्याच्या आयसर संस्थेच्या संशोधकांनी मोजलं. त्यांनी पश्चिम बंगालमध्ये रस्त्यावरच्या कुत्र्यांची ३६४ पिल्लं जन्मापासून पाहिली. त्यातली फक्त १९ टक्के वयात येईपर्यंत जगली. आणि जी मेली, त्यांतल्या ६३ टक्के मृत्यूंमागं या ना त्या रीतीनं माणूस होता. म्हणजे पाचातली चार पिल्लं मोठी होतच नाहीत. मादी वेशीवर सोडताना "जगेल कुठंतरी" असं आपण म्हणतो. हा आकडा तसं म्हणत नाही.

नसबंदीचं ऑपरेशन सहा महिन्यांच्या आसपास करता येतं. एकदाच करायचं असतं आणि त्यानंतर माजही नाही, दारात गर्दीही नाही. दत्तकाचं काम मन लावून करणारे लोक पिल्लू देतानाच हे लिहून घेतात, आणि सहा महिन्यांनी फोन करून विचारतात. माझ्या मते पोस्ट चांगली की वाईट, हे एवढ्यावरून ओळखावं. फोटो कुणीही काढतो.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी विचारा. सगळीकडं कुत्रीचं ऑपरेशन होतंच असं नाही. तिथं होत नसेल तर कुठं होतं, हे तिथले डॉक्टर सांगतील. चार-पाच घरांनी मिळून एकच गाडी केली तर भाडं वाटलं जातं. रस्त्यावरच्या एखाद्या कुत्र्याच्या कानाला व्यवस्थित कापलेली खाच दिसली, तर त्याचं ऑपरेशन झालेलं आहे असं समजा. गावातली पोरं त्याला 'कानतुटका' म्हणून दगड मारतात. त्यांना हे सांगा.

घरी आणल्यावर

दोन महिन्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नका. आणल्यावर जंताचं औषध. मग पार्व्हो, डिस्टेंपर या रोगांची लस. पिल्लाला उलट्या आणि रक्ताची हगवण लागली की गावात "नजर लागली" म्हणतात. तो बहुतेकदा पार्व्हो असतो आणि दोन-तीन दिवसांत पिल्लू जातं. तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस, नंतर डॉक्टर सांगतील तेव्हा दुसरा डोस, आणि पुढं दरवर्षी.

आता सगळ्यात महत्त्वाचं. "पिल्लूच आहे, दात लागला तर काय होतंय?" हे वाक्य जीव घेतं. रेबीज पिल्लालाही होतो, आणि माणसात लक्षणं दिसली की त्यावर इलाज नाही. पिल्लानं चावलं, ओरखडलं किंवा जखमेवर चाटलं तर ती जागा साबण आणि वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं धुवायची. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जायचं. इंजेक्शनं सांगितलेल्या तारखांना सगळी घ्यायची. दोन घेऊन थांबलं तर उपयोग नाही. जखम खोल असेल, रक्त आलं असेल, तर जखमेत द्यायचं वेगळं औषध लागतं. तेही विचारून घ्या.

जुन्नर, आंबेगाव, शिरूर, संगमनेर, अकोले या पट्ट्यातल्या वाचकांसाठी आणखी एक. रात्री अंगणात साखळीला कुत्रं बांधू नका. अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास झाला, तेव्हा त्याच्या खाण्यात वजनानं सर्वांत मोठा वाटा पाळीव कुत्र्यांचा निघाला, ३९ टक्के. बांधलेलं कुत्रं पळूही शकत नाही, आणि त्याच्या वासानं बिबट्या दारापर्यंत येतो. पिल्लू घ्यायचं तर रात्री बंद ठेवायला गोठा किंवा पडवी आहे का, हे आधी बघा.

कायदा काय म्हणतो

पाळलेलं जनावर उपाशी-तहानलेलं मरेल अशा ठिकाणी सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. दंड मात्र त्याच काळातला, पहिल्या वेळी १० ते ५० रुपये. हल्ली तेवढ्यात धड दोन-तीन वडापाव येतात. विष घालून मारणं किंवा जायबंदी करणं हे मात्र जड पडतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही २०२३ च्या नियमांनुसार स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे, आणि त्यात पंचायतही येते. ग्रामसभेत हा विषय मांडायला कुणाची परवानगी लागत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २२ ऑगस्ट २०२५ ला दिल्ली परिसरातल्या प्रकरणात सांगितलं, की ज्यांना रस्त्यावरचं कुत्रं दत्तक घ्यायचं आहे त्यांनी पालिकेकडं अर्ज करावा, पण ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी त्यांचीच. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात शाळा, दवाखाने, बसस्थानकं, रेल्वे स्टेशनं इथली कुत्री हलवून निवारागृहात ठेवावीत, पुन्हा तिथंच सोडू नयेत, असं म्हटलं. आपल्या एसटी स्टँडवरची कुत्री हलवून ठेवायची कुठं, याचं उत्तर बहुतेक तालुक्यांकडं नाही. त्यामुळं जी पिल्लं आज घरात जातील आणि ज्यांचं ऑपरेशन होईल, तेवढाच भार हलका.

पोस्ट टाकणार असाल तर

गाव आणि तालुका लिहा. वय लिहा. नर किती, मादी किती, ते स्पष्ट लिहा, लपवू नका. जंताचं औषध, लस दिली असेल तर तारीख आणि दवाखान्याच्या कार्डाचा फोटो टाका. पिल्लू गेलं की "दिलं" असं लिहून पोस्ट बंद करा, नाहीतर दोन वर्षांनीही फोन येत राहतात. नेणाऱ्याचं घर एकदा पाहून या. आणि आईचा फोटो टाकायला विसरू नका. पिल्लं वाटून झाल्यावर तीच दारात उरलेली असते. ती पुन्हा माजावर यायच्या आत तिच्या ऑपरेशनची तारीख घ्या, आणि तीही त्याच पोस्टमध्ये लिहा.