मारण्याची मुभा

६ ऑगस्ट १९६६. बीजिंगमध्ये वांग जिंगयाओ या इतिहास-संशोधकाने एक कॅमेरा विकत घेतला. त्यांची पत्नी ब्यान झोंगयुन हिला आदल्याच दिवशी तिच्या शाळेतल्या मुलींनी ठार मारलं होतं.

ब्यानबाई पन्नास वर्षांच्या होत्या, चार मुलांची आई. बीजिंग नॉर्मल विद्यापीठाच्या मुलींच्या शाळेत त्या उपमुख्याध्यापिका होत्या. मुलींनी त्यांना माती वाहायला लावली आणि खिळे ठोकलेल्या लाकडांनी झोडपलं. त्या कोसळल्यावर त्यांना कचऱ्याच्या हातगाडीवर टाकून दिलं. दवाखाना रस्त्यापलीकडेच होता. त्यांच्यावरच्या आरोपांपैकी एक नीट पाहण्यासारखा आहे. त्या वर्षी मार्चमध्ये शिंगताई भागात मोठा भूकंप झाला होता. वर्गातून बाहेर पळताना माओंची तसबीर सोबत घ्यायची का, असं कुणीतरी त्यांना विचारलं. त्यांनी तसबिरीबद्दल थेट उत्तर न देता, मुलींनी लवकर मोकळ्या जागेत यावं एवढंच सांगितलं. मुलींचा जीव आधी धरला, हा त्यांचा गुन्हा ठरला.

वांग यांनी पत्नीच्या अंगावरच्या जखमांचे आणि घराच्या दारावर चिकटवलेल्या निंदापत्रकांचे फोटो काढले. रक्ताने माखलेले कपडे पेटीत जपून ठेवले. हू जिये यांच्या माहितीपटातून हे सगळं लोकांसमोर आलं, तोवर चाळीस वर्षं उलटून गेली होती.

शाळकरी मुली इथवर कशा पोहोचल्या? ‘माथेफिरू जमाव’ हे उत्तर मला पटत नाही. १६ मे १९६६च्या कम्युनिस्ट पक्षाच्या परिपत्रकाने सांस्कृतिक क्रांतीला तोंड फुटलं. अन्नटंचाईत कोट्यवधी माणसं दगावलेल्या ‘मोठ्या झेपे’नंतर पक्षात माओंचं वजन घटलं होतं, पक्षातल्या विरोधकांना उखडायला त्यांनी थेट तरुणांना हाक दिली. ब्यानबाईंच्या खुनानंतर तेराच दिवसांनी, १८ ऑगस्टला, तिआनआनमेन चौकात माओंनी या तरुणांची, म्हणजे लाखो रेड गार्ड्सची, सलामी घेतली, आणि ब्यानबाईंच्याच शाळेतल्या सोंग बिनबिन या विद्यार्थिनीने माओंच्या दंडावर लाल पट्टी बांधली. २२ ऑगस्टला आदेश निघाला: विद्यार्थ्यांची चळवळ दडपायला पोलीस वापरायचे नाहीत. पुढचा हिशेब सरकारीच आहे. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये एकट्या बीजिंगमध्ये १,७७२ माणसं मारली गेली. कादंबरीकार लाओ श यांना मारहाण झाली. त्यानंतर ते तळ्यात मृतावस्थेत सापडले.

काही माणसांवरचं कायद्याचं छत्र काढून घेतलं होतं आणि ते काढलंय हे बाकीच्यांना जाहीर सांगितलं होतं. एवढं झाल्यावर मारणारे कुठेही मिळतात, घरातसुद्धा. आनह्वी प्रांतातल्या फांग झोंगमोउ १९७० साली घरातल्या वादात माओंविरुद्ध बोलल्या. त्यांच्या किशोरवयीन मुलाने आणि नवऱ्याने तक्रार केली. दोनच महिन्यांत त्यांना गोळी घातली गेली. तो मुलगा, झांग होंगबिंग, पुढे वकील झाला आणि उतारवयात आपण काय केलं ते त्याने जाहीरपणे सांगितलं.

खेड्यांतली हिंसा शहरांहून मोठी होती, आणि ती सर्वांत कमी सांगितली गेली. हुनान प्रांतातल्या दाओशियान जिल्ह्यात १९६७च्या उन्हाळ्यात अफवा पसरली की जुने जमीनदार आणि त्यांची पोरंबाळं उठाव करणार आहेत. गावोगावी ‘गरीब शेतकऱ्यांची सर्वोच्च न्यायालयं’ बसली. जमिनी जाऊन दीड दशक झालेल्या कुटुंबांना शेजाऱ्यांनीच संपवलं, लहान मुलांसकट. दोन महिन्यांत या एका जिल्ह्यात चार हजारांहून जास्त माणसं गेली. पत्रकार तान हचंग यांनी ही कहाणी अनेक वर्षं खपून लिहून काढली. अँड्र्यू वॉल्डर आणि यांग सू या अभ्यासकांच्या अंदाजाने ग्रामीण चीनमधल्या बळींची संख्या साडेसात ते पंधरा लाख आहे.

जगले-वाचले त्यांचीही वर्षं गेली. सुमारे एक कोटी सत्तर लाख शहरी तरुण खेड्यांत धाडले गेले. विद्यापीठ-प्रवेशाची परीक्षा अकरा वर्षं बंद राहिली. १९७७च्या डिसेंबरात ती पुन्हा झाली तेव्हा सुमारे ५७ लाख उमेदवार बसले आणि पावणेतीन लाखांच्या आसपास जणांना प्रवेश मिळाला.

१९८१मध्ये पक्षाने ठराव करून ही दहा वर्षं घोर चूक ठरवली. माओंचं श्रेय मोठं, चूक दुय्यम, असंही त्यातच म्हटलं. चूक म्हटली की गुन्हेगार शोधावा लागत नाही. सोंग बिनबिन यांनी २०१४मध्ये शाळेत येऊन माफी मागितली. आपण कुणाला मारलं नाही, पण वाचवूही शकलो नाही, असा त्यांचा सूर होता. वांग यांनी ती माफी स्वीकारली नाही, आणि मला ते योग्य वाटतं. त्यांना खून कुणी केला हे हवं होतं, ते कुणीच सांगितलं नाही.

त्याच शाळेत त्या वेळी शिकणाऱ्या वांग योउचिन पुढे शिकागोत प्राध्यापक झाल्या. माणसांना भेटून, विचारून त्यांनी बळींच्या नोंदी गोळा केल्या: नाव, काम, मृत्यू कसा आला. २००४मध्ये हाँगकाँगला निघालेल्या त्यांच्या ग्रंथात ६५९ जण आहेत. त्यांतले बहुतेक शिक्षक आणि साधी माणसं आहेत, ज्यांची नावं कुठल्याही ठरावात आली नाहीत.